एपिक्युरसचं सुख: वही-पेन घेऊन सुरुवात कशी करावी

'एपिक्युरियन' हा शब्द आज खवय्यांसाठी वापरला जातो. ज्याच्या नावावरून तो आला त्या माणसानं मित्राला पत्र लिहून मागितलं होतं ते एवढंच: चीजचं एक भांडं पाठव, म्हणजे वाटेल तेव्हा मेजवानी करता येईल. एरवी त्याचं भागायचं पाव आणि पाण्यावर. सुख हेच आयुष्याचं ध्येय असं उघड सांगणारा माणूस असा का जेवत होता, हे स्वतः करून पाहायचं असेल तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील. सामान थोडं लागतं: शंभर पानी वही, पेन, दोन-चार मित्र आणि साधारण दोन महिने.

माणसाची ओळख थोडक्यात. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मला, आईवडील अथेन्सचे. मिटिलिनी आणि लॅम्प्सॅकस इथं शिकवून झाल्यावर इ.स.पू. ३०६ च्या सुमारास तो अथेन्सला आला, शहराबाहेर एक बाग घेतली आणि इ.स.पू. २७० च्या सुमारास मरेपर्यंत तिथंच शिकवलं. बागेत स्त्रिया शिकत, गुलामही शिकत. रोमन लेखक सेनेका लिहितो की या बागेच्या दारावर 'पाहुण्या, इथं राहशील तर बरं वाटेल, इथं सुख हेच सर्वांत मोठं मानतात' अशा अर्थाची पाटी होती. आत गेलात की रखवालदार पुढं ठेवायचा जवाची पेज आणि भरपूर पाणी. ही बाग भूक चाळवत नाही, भागवते, असं म्हणायला तो मोकळा.

बदनामी मात्र चिकटलीच. आपल्याकडे चार्वाकाचं जे झालं तेच तिकडे याचं. 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' ही ओळ चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून, म्हणजे चार्वाक न मानणाऱ्याच्या हातून आपल्यापर्यंत आली. एपिक्युरसला खादाड ठरवणारेही बहुतेक त्याचे विरोधकच. दोघांत एक फरक लक्षात ठेवा: एपिक्युरसनं ऋण काढून तूप नक्की प्यायलं नसतं. तुपाची चव जिभेवर घटकाभर, कर्जाची काळजी महिनोन् महिने, असा हिशेब त्यानं मांडला असता. हा हिशेब शिकणं म्हणजेच हे तत्त्वज्ञान शिकणं.

सुखाला हद्द असते

सराव सुरू करण्याआधी एक गोष्ट नीट समजली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं काटकसरीचा उपदेश वाटतं.

उन्हातून आलात, घसा कोरडा पडलाय, माठातलं पाणी प्यायलात. पिताना जे सुख होतं ते हालतं सुख. तहान भागल्यावर जी स्वस्थता येते ते स्थिर सुख. एपिक्युरसचा दावा असा की स्थिर सुख हेच सुखाचं टोक. तहान गेली की सुख त्याच्या हद्दीला पोचलं. त्यानंतर सरबत प्यायलं तर सुखाचा प्रकार बदलतो, मात्रा वाढत नाही. शरीराला दुखणं नसणं याला तो अपोनिया म्हणतो, मनाला खळबळ नसणं याला अटारॅक्सिया.

आता मन आणि शरीर यांचा संबंध पाहा. पोट अधाशी नसतं, पोटाला कितीही लागतं ही समजूत अधाशी असते, असं एक वचन या परंपरेत आहे. शरीर फक्त कळवतं: भूक लागली, थंडी वाजते. किती झालं म्हणजे पुरे, हे त्याला स्वतःहून कळत नाही. ती बेरीज मनानं करायची. आणि मनाची पंचाईत अशी की शरीराला फक्त आत्ताचं दुखतं, मनाला कालचं, आजचं आणि उद्याचंही. म्हणून तो मनाचं दुःख मोठं मानतो, मनाचं सुखही. त्याच्या आधीचे किरीनीवाले (किरीनी या ग्रीक शहरातले) सुखवादी उलट म्हणायचे: शरीराचं, या क्षणाचं सुख श्रेष्ठ. लोक एपिक्युरस म्हणून ज्याच्यावर टीका करतात तो पुष्कळदा हा किरीनीवालाच असतो.

वाचायला काय घ्यावं, कुठल्या क्रमानं

एपिक्युरसचं लेखन प्रचंड होतं, उरलं फार थोडं. डायोजिनिस लायर्शियस नावाच्या चरित्रकारानं आपल्या दहाव्या पुस्तकात त्याची तीन पत्रं आणि चाळीस मुख्य वचनं उतरवून ठेवली, म्हणून ती वाचली. नवखे लोक ती छापलेल्या क्रमानं वाचायला घेतात, पहिल्याच पत्रात अणू आणि पोकळीच्या जंजाळात अडकतात आणि पुस्तक मिटतात. तसं करू नका. मेनोइकियसला लिहिलेलं पत्र आधी घ्या. ते जेमतेम पाच-सहा पानांचं आहे आणि कसं जगावं याबद्दलच आहे. एका बैठकीत एकदा, दुसऱ्या दिवशी पेन हातात घेऊन पुन्हा. मग चाळीस वचनं, रोज पाच याप्रमाणे आठ दिवस. व्हॅटिकनमधल्या हस्तलिखितात १८८८ मध्ये सापडलेली ८१ वचनं त्यानंतर. पण त्यातली काही शिष्यांची आहेत, सगळी त्याच्या तोंडी घालू नयेत.

इंटरनेटवरच्या अवतरणांपासून जपा. 'देवाला दुष्टपणा थांबवायचा आहे पण जमत नाही?' असा प्रश्नांचा एक तुकडा त्याच्या नावानं सगळीकडे फिरतो. त्याच्या उरलेल्या लेखनात तो नाही. ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियसनं तो त्याच्या नावावर सांगितला आहे.

पहिला आठवडा: इच्छांची यादी

वही उघडा. सात दिवस, मनात 'हवं' असं जे येईल ते लिहा. वर्गवारी करायची नाही, लाजायचं नाही. आठवड्याला तीस-चाळीस ओळी व्हायला हव्यात. दहाच झाल्या तर तुम्ही शोभेल तेवढंच लिहिताय.

आठव्या दिवशी तीन रकाने आखा.

पहिला, नैसर्गिक आणि आवश्यक. याचे तो आणखी तीन भाग पाडतो: जगण्यासाठी लागणारं, शरीराचा त्रास जाण्यासाठी लागणारं आणि समाधानासाठी लागणारं. पाणी, जेवण, झोप आणि डोक्यावर छप्पर इथं येतं. मैत्री आणि विचार करायला मोकळा वेळही इथंच येतात, हे बरेच जण विसरतात.

दुसरा, नैसर्गिक पण आवश्यक नाही. चाळीस वचनांपैकी एकावरच्या जुन्या टीपेत उदाहरण दिलंय ते महागड्या पदार्थांचं: सुखात फक्त विविधता आणणारे, दुखणं न घालवणारे.

तिसरा, दोन्ही नाही, म्हणजे पोकळ. त्याच टीपेतलं उदाहरण: मुकुट आणि आपले पुतळे. आपल्या काळात चौकातला फ्लेक्स.

इथं सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे वस्तू रकान्यात टाकणं. रकान्यात इच्छा टाकायची असते. 'फोन' अशी ओळ असेल तर ती फोडा. कामाचे कॉल घेता यावेत, गावाकडे आईशी बोलता यावं, ही पहिल्या रकान्यात बसेल. कॅमेरा चांगला असावा, दुसऱ्या. ऑफिसात सगळ्यांकडे नवा आला, मग माझ्याकडेही हवा, तिसऱ्या. एकच फोन, तीन इच्छा, आणि पैसे बहुतेक तिसरीसाठी जातात.

दुसरी चूक अशी की दुसरा रकाना पाप समजून रिकामा करायला घेतात. एपिक्युरस तसं कुठंच म्हणत नाही. हापूस मिळाला तर खावा. फक्त एका खुणेवर लक्ष ठेवायचं: एखादी गोष्ट मिळाली नाही तरी दुखत काही नाही, पण हव्यास मात्र जोर धरून बसतो. असं झालं की ती इच्छा दुसऱ्या रकान्यातून तिसऱ्यात सरकली. सरकवते आपली समजूत. पदार्थाचा दोष नसतो. अशा ओळीपुढे फुली करून तारीख घाला.

मग प्रत्येक ओळीला दोन प्रश्न: हे झालं तर माझं काय होईल? झालं नाही तर काय होईल? हे प्रश्न व्हॅटिकनच्या वचनांतलेच आहेत. उत्तर एका वाक्यात आणि ठोस हवं. 'बरं वाटेल' हे उत्तर चालत नाही. 'पहिला आठवडा आनंद, मग अठरा महिने हप्ता' हे चालतं.

दुसरा आणि तिसरा आठवडा: तोलून पाहणं

मेनोइकियसच्या पत्रातला सगळ्यात कामाचा भाग हा. प्रत्येक सुख चांगलंच असतं, पण प्रत्येक सुख घ्यावंच असं नाही. प्रत्येक दुखणं वाईटच, पण प्रत्येक वेळी टाळावंच असंही नाही. मागून मोठा त्रास येणार असेल तर सुख सोडायचं, मोठं सुख येणार असेल तर त्रास सोसायचा.

रोज एकच गोष्ट निवडा आणि चार खाने भरा: आत्ताचं सुख, नंतरचा त्रास, आत्ताचा त्रास, नंतरचं सुख. रात्री साडेअकराला मालिकेचा 'आणखी एक भाग' हे उदाहरण घेऊ. आत्ताचं सुख पाऊण तास. नंतरचा त्रास: झोप साडेपाच तास, सकाळी चिडचिड, दुपारी तीनला जांभया. उलट बाजूला, आत्ता बंद करण्याचा त्रास साधारण पाच मिनिटांचा. अंथरुणावर पडलं की तो विरतो. आकडे अंदाजानं घातले तरी चालतात, पण घालाच, कारण आकडे नसले की मन नेहमी आत्ताच्या बाजूनं निकाल देतं.

हा तक्ता संध्याकाळी सातला भरायचा. साडेअकराला भरलात तर ती स्वतःचीच वकिली होते. बहुतेकांचं फिसकटतं ते इथंच.

दहा-बारा दिवसांनी मागं पाहिलंत तर काही नोंदी सारख्या-सारख्या येताना दिसतील. त्यांचा निकाल एकदाच लावून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे रोज नव्यानं तोलायला नको. तोलणंच जर डोक्याला ताप झालं तर खळबळ कमी करायचा मूळ हेतूच बुडाला.

चौथा आठवडा: साध्या जेवणाचे तीन दिवस

सेनेकाच्या अठराव्या पत्रात नोंद आहे की एपिक्युरस काही ठरावीक दिवस मुद्दाम अगदी कमी खर्चात भूक भागवायचा. त्याला एक आस हे नाणंही पुरं लागायचं नाही. त्याचा मित्र मेट्रोडोरस अजून तितका तयार झाला नव्हता, त्याला आख्खा आस लागायचा. (तत्त्वज्ञही एकमेकांचे हिशेब ठेवायचे.) आणि हे करताना तो तीन गोष्टी तपासायचा: पूर्ण सुखात काही कमी पडतं का, पडलं तर किती, आणि ते भरून काढायला मोठी खटपट करावी इतकी त्याची किंमत आहे का.

सेनेका हा प्रयोग सलग तीन-चार दिवस करायला सांगतो. नवख्यानं तीन घ्यावेत, शक्यतो कामाचे. सुट्टीच्या दिवशी घरातल्या वासांपुढे टिकाव लागत नाही. दोन्ही जेवणं मिळून चार भाकऱ्या किंवा सहा पोळ्या, प्रत्येक वेळी वाटीभर पिठलं किंवा साधं वरण, कांदा, मीठ, पाणी. भूक राहिली तर आणखी एक भाकरी घ्या. हा उपास नाही, आणि उपाशी माणसाला सुखाची हद्द तपासता येत नाही. रोज तीन-चार कप चहा घेणाऱ्यांनी तो एकदम तोडू नये. डोकं दुखतं, आणि मग तीन दिवस भाकरीची परीक्षा न होता डोकेदुखीची होते. सकाळचा एक कप राहू द्या.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असलेले, गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि खाण्याशी ज्यांचं नातं आधीच बिघडलेलं आहे अशांनी हा प्रयोग जेवणावर करू नये. त्यांनी तो कपड्यांवर करावा: तीन दिवस दोनच जोड. किंवा ऑनलाइन खरेदीवर.

प्रत्येक जेवणानंतर वीस मिनिटांनी वही उघडून ते तीन प्रश्न विचारा. वीस मिनिटं यासाठी की उठल्याउठल्या जीभ बोलते, पोट नंतर बोलतं. पहिल्या दिवशी उत्तर बहुधा 'लोणचं कमी पडलं' असं येतं. तिसऱ्या दिवशी पुष्कळांच्या लक्षात येतं की कमी पडलं ते लोणचं नव्हतं, जेवताना बघायला काहीतरी नव्हतं. नोंद घ्यावी ती अशाच गोष्टींची.

चौथ्या दिवशी चीजचं भांडं. एकच आवडीचा पदार्थ, वाटीभर, त्याच साध्या जेवणासोबत. पहिले तीन घास सावकाश. साधं खायची सवय असण्याचे फायदे मेनोइकियसच्या पत्रात चार सांगितले आहेत: तब्येत राहते, रोजची कामं करताना आळस येत नाही, अधूनमधून पंचपक्वान्न समोर आलं तर ते जास्त चांगलं भोगता येतं, आणि दिवस फिरतील याची भीती उरत नाही. तिसरा फायदा इथं जिभेवरच कळतो. चौथा कळायला वर्षं लागतात, पण गृहकर्ज असलेल्या माणसाला तोच सर्वांत मोलाचा.

हे बिघडतं दोन तऱ्हांनी. एक, 'एकादशी अन् दुप्पट खाशी': चौथ्या दिवशी हॉटेलात जाऊन तिन्ही दिवसांचं उट्टं काढणं. तसं झालं तर तुम्ही तीन दिवस हद्द तपासत नव्हता, उधारी साठवत होता. दुसरी तऱ्हा सोज्वळ आहे म्हणून जास्त फसवी: साधेपणाचीच चढाओढ. भाकरीचा फोटो टाकला की भाकरी तिसऱ्या रकान्यात गेली. काटकसरीलाही मर्यादा असते आणि ती न पाळणारा उधळ्याइतकाच चुकतो, हेही त्या ८१ वचनांत आहे.

भीतीसाठी निसर्गाचा अभ्यास

आकाशातल्या घडामोडींची आणि मरणाची धास्ती नसती तर निसर्गाच्या अभ्यासाची गरजच पडली नसती, असं तो स्वच्छ सांगतो. त्याला भौतिकशास्त्र हवं होतं ते रात्री शांत झोप लागावी म्हणून. जग अणू आणि पोकळीचं, मनही अणूंचंच, शरीरभर पसरलेलं. शरीर विस्कटलं की तेही विस्कटतं.

पायथोक्लिसला लिहिलेल्या पत्रात रीत दिली आहे: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींशी जुळतील तेवढी सगळी नैसर्गिक कारणं मांडायची, एकालाच चिकटायचं नाही, दैवी कोप तेवढा बाहेर ठेवायचा. ग्रहणाचं कारण देताना तो म्हणतो, प्रकाश विझत असेल किंवा मध्ये दुसरं काही येत असेल. दुसरं बरोबर निघालं. याच पत्रात सूर्य दिसतो साधारण तेवढाच मोठा आहे असंही त्यानं म्हटलंय, ते हसण्यासारखंच. त्याच्याकडून रीत घ्यावी, खगोलशास्त्र नाही.

वहीत एक पान भीतीसाठी ठेवा. डावीकडे भीती, उजवीकडे निदान दोन नैसर्गिक कारणं. घरात ग्रहण पाळतात, गरोदर सुनेला विळीला हात लावू देत नाहीत; 'काही झालं तर?' असं मनात येतं. बाळात व्यंग येण्याची कारणं काय असतात ते डॉक्टरला विचारून उजवीकडे लिहा. सावलीचा त्यात काय संबंध, ते आपोआप दिसतं. सासूबाईंशी वाद घालायची गरज नाही. औषध तुमच्या भीतीवर आहे.

मरणाबद्दलचा त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे: आपण असतो तेव्हा मरण नसतं, मरण येतं तेव्हा आपण नसतो. हा वापरताना भीती नेमकी कोणती ते आधी पाहा. 'मेल्यावर माझं काय होईल' यावर तो लागू पडतो. 'मरताना हाल होतील' किंवा 'माझ्यामागे मुलांचं काय' यावर तो उतारा नाही. हालांच्या भीतीसाठी डॉक्टर, मुलांच्या काळजीसाठी मृत्युपत्र. स्वतः एपिक्युरसनंही मृत्युपत्र केलं होतं आणि त्यात मेट्रोडोरसच्या मुलांची तजवीज लिहून ठेवली होती.

पुढे या विचाराच्या लोकांनी सगळ्याचं चार ओळींत औषध केलं: देवाला भिऊ नये, मरणाची धास्ती नको, चांगलं ते सहज मिळतं, वाईट ते सोसता येतं. नाव दिलं टेट्राफार्माकोस. मुळात हे मेण, चरबी, डांबर आणि राळ अशा चार जिनसांच्या मलमाचं नाव. चौथी ओळ सगळ्यात लवकर फसते. तीव्र दुखणं फार टिकत नाही आणि लांबणाऱ्या दुखण्यात सुखाचा वाटा जास्त असतो, असं त्याचं म्हणणं. संधिवाताच्या माणसाला हे ऐकवू नये. जुनं दुखणं आणि आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी यांना आधी दवाखाना, मग वही.

आठवणी आणि महिन्याची वीस तारीख

मूतखड्यानं शेवटच्या दिवशी असह्य वेदना होत असताना एपिक्युरसनं आपला मित्र इडोमेनियस याला पत्र लिहिलं. त्यात त्यानं वेदना लपवल्या नाहीत. त्यांच्यासमोर आपल्या जुन्या संभाषणांच्या आठवणींचा आनंद उभा केला. मन मागचं धरून ठेवतं हा त्याचा दोष तसाच त्याचं भांडवलही. ते आधी साठवावं लागतं. रोज रात्री दोन ओळी: आज कुणाशी काय बोलणं झालं, कुठं, कुणी काय म्हटलं. 'छान गप्पा झाल्या' ही नोंद वर्षानं निरुपयोगी ठरते. 'जिन्यात उभं राहून पाऊस थांबेपर्यंत, त्याच्या वडिलांच्या छत्रीबद्दल' ही उपयोगी पडते.

मृत्युपत्रात त्यानं दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळ्यांनी जमावं असंही लिहून ठेवलं. ही प्रथा उचलायला सोपी आहे. वीस तारीख पक्की करा, वार बघू नका; वार बघितला की ती पुढं ढकलली जाते. पहिल्यांदा चौघं-पाच जण पुरेत. काय खायचं यापेक्षा कुणाबरोबर खायचं ते आधी बघावं, हे त्याचं मत सेनेकानंच नोंदवलंय. म्हणून पदार्थ दोनच ठेवा आणि ज्याच्या घरी बैठक त्यानंच ते करावेत. एखादं वचन मोठ्यानं वाचायचं, मग प्रत्येकानं आपल्या यादीतली फुली केलेली एक ओळ सांगायची. कायमचा सामाईक फंड मात्र काढू नका. पायथागोरसवाले सगळी मालमत्ता एकत्र ठेवत. एपिक्युरसनं ते नाकारलं, कारण एकमेकांवर भरवसा नसला तरच असं करावं लागतं, आणि भरवसा नसेल तर ती मैत्री कसली. दर वेळी घर बदललं की खर्च आपोआप वाटला जातो.